टाकीत टाकलेला धातू जातो कुठे?

बायोडिझेलमध्ये धातूची भुकटी घाला, इंजिन तेल कमी पितं आणि धूरही कमी सोडतं. हे वाक्य गेली कित्येक वर्षं आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रबंधांतून आणि परिषदांतून फिरतंय. ही भुकटी साधी नव्हे. सिरियम ऑक्साइड, अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड, टायटॅनियम ऑक्साइड, कधी कार्बनच्या नॅनोनळ्या. कण बहुधा २० ते ५० नॅनोमीटरचे. माणसाचा केस ७०-८० हजार नॅनोमीटर जाड असतो. प्रमाण दहा लाख भागांत २५ ते १०० भाग. ऐकायला नगण्य. पण धातूचं ऑक्साइड काही जळत नाही. टाकीत टाकलं तेवढं कुठेतरी निघणारच. ते कुठे निघतं, हा माझा प्रश्न आहे आणि या सगळ्या संशोधनात तो फार क्वचित विचारला जातो.

आधी बायोडिझेलची बाजू मांडतो, कारण ती मांडण्यासारखी आहे. करंजाचं, मोगली एरंडाचं किंवा कोकणातल्या उंडीचं तेल घ्यायचं. १०० किलो तेलाला साधारण १० किलो मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा. ग्लिसरीन खाली बसतं, वर बायोडिझेल तरंगतं. कच्चं तेल डिझेलच्या दहापट चिकट असतं. ही प्रक्रिया केली की चिकटपणा डिझेलच्या जवळ येतो. गंधक जवळपास नाहीच. वजनाच्या १० ते ११ टक्के ऑक्सिजन तेलातच असतो, म्हणून काजळी कमी. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, २००२ मध्ये तोवरच्या चाचण्यांचे आकडे एकत्र केले. २० टक्के मिश्रणाने धुरातले कण १० टक्के घटले, कार्बन मोनॉक्साइड ११ टक्के, न जळलेले हायड्रोकार्बन २० टक्क्यांच्या आसपास. नायट्रोजन ऑक्साइड मात्र २ टक्के वाढले. निव्वळ बायोडिझेलवर ही वाढ १० टक्क्यांपर्यंत जाते. शिवाय किलोमागे ऊर्जा थोडी कमी: डिझेलची ४२-४३ मेगाज्यूल, बायोडिझेलची ३७-३८. एवढ्या दोन उण्या बाजू, आणि त्या भरून काढण्यासाठी नॅनोकण आले.

कण काम करतात. हे मी मान्य करूनच पुढे जातो. सिरियम ऑक्साइडकडे ऑक्सिजन देण्याची आणि परत घेण्याची हातोटी आहे. जिथे ऑक्सिजन कमी पडतो तिथे तो देतो, जिथे जास्त असतो तिथे साठवतो. काजळी जळायला एरवी ५५० ते ६०० अंश सेल्सियस लागतात; सिरियम असेल तर ती साडेचारशेच्या आसपास जळू लागते. अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड उष्णता लवकर पसरवतं, इंधनाचे थेंब लवकर फुटतात, ज्वलन आधी सुरू होतं. कालिकतच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०१० मध्ये मोगली एरंडाच्या बायोडिझेलमध्ये दहा लाखांत २० ते ८० भाग सिरियम घालून पाहिलं. हायड्रोकार्बन २५ ते ४० टक्के उतरले, नायट्रोजन ऑक्साइड ३० टक्क्यांपर्यंत उतरले, कार्यक्षमता दीड टक्क्यापर्यंत वाढली. चांगला, प्रामाणिक प्रयोग. त्यानंतर देशभर अशा प्रयोगांची रांग लागली. तेल बदला, धातू बदला, प्रमाण बदला, नवा निबंध तयार.

या रांगेतली एखादी प्रयोगशाळा जवळून बघा. मधोमध किर्लोस्करचं एक सिलिंडरचं, पाण्याने थंड होणारं इंजिन. ६६१ सीसी, मिनिटाला १५०० फेरे, ५.२ किलोवॉट, संपीडन गुणोत्तर १७.५. या इंजिनावर बसवलेला चाचणी संच बनवणारे आपल्या सांगलीत आहेत आणि तो देशभरातल्या महाविद्यालयांत पोचलाय. शेजारी टेबलावर काचेचं चंचुपात्र, त्यात मधासारखं बायोडिझेल. विद्यार्थी तराजूवर मिलीग्रॅममध्ये भुकटी तोलतो. भुकटी इतकी हलकी की पंखा चालू असेल तर उडते, म्हणून पंखा बंद. तोंडावर मास्क असेलच असं नाही. मग अल्ट्रासॉनिकेटर सुरू होतो, कानाला टोचणारा बारीक आवाज काढत अर्धा-पाऊण तास मिश्रण घुसळतो. कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून स्पॅन-८० नावाच्या द्रव्याचे थेंब. मिश्रण दुधाळ दिसू लागतं. ते ताजं ताजं इंजिनात जातं, आकडे येतात, आलेख काढले जातात. उरलेली बाटली कपाटात ठेवली तर काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, तळाशी पांढरा थर बसतो. निबंधात आकडे ताज्या मिश्रणाचे छापतात. पेट्रोलपंपाच्या जमिनीखालच्या टाकीत, शेतकऱ्याच्या पिंपात, दिवाळीपासून होळीपर्यंत उभ्या राहिलेल्या जनरेटरमध्ये मिश्रण ताजं राहणार नाही. तळाच्या थरातून ज्याच्या वाट्याला इंधन येईल, त्याला दहा लाखांत पन्नास नव्हे, कितीतरी पट भाग मिळतील.

आता धूर मोजण्याचं यंत्र बघा. धुराच्या नळीत घातलेला फाइव्ह गॅस अ‍ॅनालायझर पाच गोष्टी मोजतो: कार्बन मोनॉक्साइड, कार्बन डायऑक्साइड, हायड्रोकार्बन, ऑक्सिजन, नायट्रोजन ऑक्साइड. जोडीला स्मोक मीटर, तो धूर किती काळा हे सांगतो. सिरियमचा रकाना नाही. अ‍ॅल्युमिनियमचा रकाना नाही. कार्बनच्या नळ्यांचा रकाना नाही. जी गोष्ट आपण स्वतः मोजून मिसळली, ती बाहेर किती आली हे मोजायची सोयच नाही आणि तरी निष्कर्षात छापलं जातं की उत्सर्जन घटलं. पाच वायूंचं घटलं, एवढंच म्हणायचा हक्क त्या यंत्राने दिलाय. सहाव्या गोष्टीबद्दल ते मुकं आहे.

गाड्यांच्या नियमांतही ही फट आहे. बीएस-६ मानकात डिझेल कारला किलोमीटरमागे ६०,००० कोटी कणांची मर्यादा आहे, आणि ही मोजणी २३ नॅनोमीटरपासून सुरू होते. त्याहून बारीक कण मोजलेच जात नाहीत. युरोपने युरो-७ मध्ये ही रेषा १० नॅनोमीटरपर्यंत खाली आणायचं ठरवलं, ते याचसाठी. १५-२० नॅनोमीटरचं ऑक्साइड आपल्या मोजणीतून आरामात निसटू शकतं.

थोडा हिशेब करतो. आपल्या एसटीला रोज १० लाख लिटरहून जास्त डिझेल लागतं. १० लाख लिटर धरले तर वजन सुमारे ८ लाख ४० हजार किलो. त्यात दहा लाखांत ५० भाग नॅनोकण घातले तर रोज ४२ किलो धातूचं ऑक्साइड. वर्षाला १५ टन. देशात वर्षाला जवळपास ९ कोटी टन डिझेल खपतं. सगळ्यात हे प्रमाण ठेवलं तर साडेचार हजार टन. प्रयोगशाळेच्या तराजूवर जे मिलीग्रॅम दिसतं ते रस्त्यावर आल्यावर असं दिसतं. आणि ते पडणार कुठे? स्टँडवर, जिथे फलाटाला लावलेली गाडी इंजिन चालू ठेवून उभी असते आणि तिच्या मागे शाळेची पोरं उभी असतात. शेतात, जिथे पंपाच्या इंजिनाचं धुराडं माणसाच्या छातीच्या उंचीवर असतं.

अमेरिकेतल्या नायोश या कामगार-आरोग्य संस्थेने उंदरांच्या श्वासनलिकेतून सिरियम ऑक्साइडचे सूक्ष्म कण सोडून पाहिले. फुप्फुसांना सूज आली, ती टिकली आणि पुढे फुप्फुसाच्या ऊतीत तंतू धरले. प्रयोगातला डोस थेट आणि मोठा होता, रस्त्यावरच्या माणसाला तेवढा मिळणार नाही, हे खरं. पण किती मिळेल हे कोणी मोजलं नाही, हेही तितकंच खरं. कार्बनच्या नॅनोनळ्यांच्या एका प्रकाराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१४ मध्ये ‘माणसाला कर्करोग होण्याची शक्यता’ असलेल्या गटात घातलं. डिझेलच्या धुराला तर २०१२ मध्येच कर्करोगकारक ठरवलंय. त्या धुरात आणखी एक अनोळखी घटक घालताना आपला हात थबकायला हवा.

इंधनात धातू घालून इंजिन सुधारायचं आणि माणूस बिघडवायचा, हा प्रकार जगाने एकदा पुरता भोगलाय. १९२१ मध्ये जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत टॉमस मिजली यांना सापडलं की टेट्राएथिल लेड घातलं की पेट्रोल इंजिनाची ठकठक थांबते. शिसं विषारी आहे हे तेव्हा सगळ्यांना ठाऊक होतं. १९२३ मध्ये विक्री सुरू झाली. १९२४ च्या ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीतल्या बेवे इथल्या कारखान्यात हे द्रव्य बनवणारे पाच कामगार भ्रम होऊन, झटके येऊन मेले. त्याच महिन्यात मिजली यांनी पत्रकारांसमोर त्या द्रव्याने हात धुऊन दाखवले. स्वतः ते आदल्या वर्षी शिशाच्या विषबाधेने आजारी पडून सुट्टीवर गेले होते. प्रमाण फार थोडं आहे, रस्त्यावरच्या माणसाला काही होणार नाही, असं तेव्हा सांगितलं गेलं. भारतात शिसंविरहित पेट्रोल देशभर व्हायला २००० साल उजाडलं. अल्जीरियाने शेवटचं शिशाचं पेट्रोल २०२१ मध्ये थांबवलं. म्हणजे शंभर वर्षं. दोन-तीन पिढ्यांच्या मुलांच्या मेंदूत ते शिसं जाऊन बसलं. सिरियम म्हणजे शिसं नव्हे; दोघांची विषारीपणात तुलना मी करत नाही. पण ‘प्रमाण फार थोडं आहे’ हे तेव्हाचं वाक्य आज जसंच्या तसं ऐकू येतं आणि माझ्या अंगावर काटा येतो.

हे काम नीट करता येतं, याचाही दाखला आहे. फ्रान्सच्या पेजो कंपनीने २००० मध्ये ६०७ या मॉडेलमध्ये सिरियम वापरलं. पण कसं? सिरियमची टाकी वेगळी. गाडीत डिझेल भरलं की संगणक मोजून तेवढंच सिरियम सोडणार. आणि धुराच्या वाटेवर कणांचा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, बसवलेला. सिरियमचं काम एकच: फिल्टरमध्ये अडकलेली काजळी कमी तापमानाला जाळून टाकणं. काजळी जळाली तरी सिरियमची राख फिल्टरमध्येच राहिली. सुरुवातीच्या गाड्यांत ८० हजार किलोमीटरच्या सुमारास फिल्टर उतरवून साफ करावा लागे. धातू जातो कुठे, याचं उत्तर त्या राखेत डोळ्यांना दिसत होतं. २००१ मध्ये अमेरिकेतल्या हेल्थ इफेक्ट्स इन्स्टिट्यूटने यावर स्वतंत्र पाहणी केली आणि सांगितलं की फिल्टर असेल तर बहुतेक सिरियम अडतं, थोडं बाहेर येतंच, आणि दीर्घकाळच्या परिणामांची माहिती अपुरी आहे.

आपल्याकडे फिल्टर कुठे आहे? २०२० च्या एप्रिलनंतरच्या बीएस-६ गाड्यांत. त्याआधीचे ट्रक, शेतातले बहुतेक ट्रॅक्टर, लग्नाच्या हॉलमागचे जुने जनरेटर, मच्छीमारांच्या होड्यांवरची इंजिनं, यांच्यात फिल्टर नाही. बायोडिझेल आणि त्याच्यासोबतचं अ‍ॅडिटिव्ह सगळ्यात आधी खपणार ते याच इंजिनांत. जे बाहेर पडेल ते सरळ हवेत.

बरं, नव्या गाड्यांत फिल्टर आहे म्हणून तिथे सगळं आलबेल, असंही नाही. तिथे कसोटी इंजिनाची आहे. प्रयोगशाळेतल्या त्या एक सिलिंडरच्या इंजिनात इंधन सुमारे २०० बार दाबाने फवारलं जातं. आजच्या कॉमन रेल इंजिनात २००० बारपर्यंत. इंजेक्टरच्या आतल्या भागांमधली फट दोन-तीन मायक्रॉनची. हायवेवरच्या कुठल्याही पंप-नोझलवाल्याकडे उभं राहा. तो उघडलेला इंजेक्टर भिंगाखाली धरून सुईवरचा ओरखडा दाखवतो आणि म्हणतो, कचरा गेला, सेट बदला. त्या ओरखड्याची किंमत मालकाच्या महिन्याच्या हप्त्याएवढी असते. गॅरेजमध्ये वापरतात त्या एमरी पेपरवरचा कडक पदार्थ मुख्यतः अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड आहे. चष्म्याच्या काचा घासून चकचकीत करतात ती भुकटी सिरियम ऑक्साइडची. नॅनो आकाराचा सुटा कण तसा घासेलच असं नाही. काही प्रयोगांत अशा कणांनी झीज कमी झाल्याचंही दिसलंय. पण हे कण सुटे राहत नाहीत, गुठळ्या करतात. डिझेल फिल्टरच्या कागदाची छिद्रं काही मायक्रॉनची. सुटा कण त्यातून सहज पार होतो आणि गुठळी फिल्टर चोक करते. दोन-चार तासांच्या चाचणीत यातलं काहीही दिसत नाही. झीज दिसायला शेकडो तास लागतात.

तशी चाचणी आपल्याकडे आहे आणि बायोडिझेल त्यातून गेलंय, म्हणून मला या घाईचा जास्त राग येतो. भारतीय मानक १०००० च्या नवव्या भागात इंजिनाच्या दमसासाची कसोटी दिलीय: १६ तासांची ३२ चक्रं, एकूण ५१२ तास. पंचवीसेक वर्षांपूर्वी जवसाच्या तेलापासून केलेलं २० टक्के बायोडिझेल या कसोटीवर घासून पाहिलं गेलं. इंजिन उघडल्यावर पिस्टनच्या डोक्यावर काजळी डिझेलपेक्षा कमी आणि महत्त्वाच्या भागांची झीजही कमी निघाली. कुठलीही भुकटी न घालता. जवसाच्या तेलाला जे ५१२ तास लावले, ते नॅनोकणांना लावायचे नाहीत, हे कुठलं शास्त्र?

ब्रिटनमध्ये हे कण खऱ्या रस्त्यावर उतरले होते. ऑक्सफर्ड विद्यापीठातून निघालेल्या ऑक्सोनिका या कंपनीचं सिरियमचं अ‍ॅडिटिव्ह स्टेजकोच या बस कंपनीने आपल्या ताफ्यात वापरलं, इंधन वाचल्याचं सांगितलं. पुढे तुर्कस्तानातल्या पेट्रोल ओफिसी या तेल कंपनीबरोबरचा व्यवहार २००७ मध्ये बारगळला, कारण तिथल्या चाचणीत अपेक्षित बचत दिसली नाही. एका देशातल्या डिझेलवर चालतं ते दुसऱ्या देशात चालेलच असं नाही. आपल्याकडे तर एका जिल्ह्यातलं बायोडिझेल दुसऱ्या जिल्ह्यातल्यासारखं नसतं.

खरा घोळ मुळात बायोडिझेलच्या पुरवठ्यातच आहे. २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने सांगितलं, २०११-१२ पर्यंत २० टक्के बायोडिझेल. २००९ च्या धोरणाने सांगितलं, २०१७ पर्यंत २० टक्के. २०१८ च्या धोरणाने सांगितलं, २०३० पर्यंत ५ टक्के. प्रत्यक्षात आपण १ टक्क्याच्याही आत अडखळतोय. मोगली एरंड पडीक रानात, पाण्याशिवाय भरघोस पिकेल असं शेतकऱ्याला सांगितलं. झाड जगलं, पण बी धरलं नाही. ज्यांनी बांधावर, माळावर ती रोपं लावली त्यांना कोणी भरपाई दिली नाही. हायवेवर ‘बायोडिझेल’चे फलक लावून औद्योगिक तेल विकणारे पंप निघाले, २०२१ मध्ये गुजरातेत त्यांच्यावर मोठ्या धाडी पडल्या. ते तेल टाकून ज्यांचं इंजिन बसलं त्या ट्रकवाल्यांनी खऱ्या बायोडिझेललाही कायमचा नमस्कार केला.

कच्चा माल मात्र आपल्या नाकासमोर तळला जातोय. खाद्यतेलातले ध्रुवीय घटक २५ टक्क्यांपुढे गेले की ते तेल तळायला वापरू नये, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम २०१८ च्या जुलैपासून लागू आहे. ते तेल गोळा करून बायोडिझेल करायची योजनाही त्याच वर्षी आली. मोठ्या हॉटेलांचं आणि फरसाणाच्या कारखान्यांचं तेल थोडंफार जातं. वडापावच्या कढईतलं काळं तेल मात्र स्वस्तात पुढच्या छोट्या गाडीवाल्याकडे जातं आणि पुन्हा आपल्या पोटात. ते तेल गोळा करणारा टेम्पो, ते तपासायची किट आणि गाडीवाल्याला लिटरमागे योग्य भाव, एवढ्याने बायोडिझेलही वाढेल आणि लोकांची हृदयंही वाचतील. या कामावर निबंध निघत नाही, म्हणून तरुण संशोधक तिकडे वळत नाहीत. दोष त्यांचा नाही. निबंधांची संख्या मोजून बढती देणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

माझी मागणी साधी आहे. इंधनात धातू घालून विकायचा असेल तर विकणाऱ्याने आधी तीन गोष्टी दाखवाव्यात. बीएस-६ च्या कॉमन रेल इंजिनावर ५१२ तास, आणि त्यानंतर उघडलेल्या इंजेक्टरची छायाचित्रं. तीन महिने उभ्या टाकीतल्या इंधनाच्या वरच्या, मधल्या आणि तळाच्या थरातलं कणांचं प्रमाण. आणि सगळ्यात महत्त्वाचं, धातूचा जमाखर्च: टाकीत इतके ग्रॅम गेले, फिल्टरमध्ये इतके सापडले, वंगणतेलात इतके, धुरात इतके. बायोडिझेलच्या भारतीय मानकात, आयएस १५६०७ मध्ये, या अटी लिहिल्या जाव्यात. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआयच्या चाचणी खोल्या आहेत, यंत्रं आहेत, माणसं आहेत. तिथे हे करून घ्यावं आणि निकाल मराठीतही छापावा, म्हणजे ट्रॅक्टरवाल्याला, एसटीच्या डेपो मेकॅनिकला तो वाचता येईल. जमाखर्च जुळला, धुरात धातू नगण्य निघाला, इंजेक्टर स्वच्छ राहिला, तर सिरियमचं स्वागत मी याच रकान्यात करेन. तोपर्यंत फिल्टर नसलेल्या एकाही इंजिनात ते जाता कामा नये, आणि कोणी पंपावर बाटली पुढे केलीच तर ग्राहकाने आधी चाचणीचा कागद मागावा.